नाही म्हणायला सायकलने पणजी

सन दोन हजार सहा. मला एकाहत्तरावं लागलं होतं. त्या माघात मी गोव्यातल्या आमच्या तुयेहून सायकलने डिचोलीमार्गे पणजीला गेलो आणि परत आलो. बसगाडी लवकर पोचवते हे मला ठाऊक आहे, ते कोणी सांगायला नको. ज्यांनी ही वाट कधी हळू पाहिली नाही त्यांच्यासाठी लिहून ठेवतो.

शाळा माझी दोन यत्ता. पोर्तुगीज होते तेव्हा देवळाच्या पडवीत एक मास्तर मराठी शिकवायचे, तेवढीच. घरात आम्ही जे बोलतो त्याला कोण मालवणी म्हणतो, कोण कोकणी. मी त्यात भांडायला जात नाही. लिहायचं झालं की हात मराठीकडे वळतो, एवढं खरं.

आमचा वाडा, म्हणजे आमची वस्ती, तुयेच्या कारखान्यांच्या खालच्या अंगाला. वर टेकडीवर कारखाने, खाली नदीच्या बाजूला भाड्याच्या खोल्या, त्यांत कोल्हापूर-बेळगावकडची कामगार माणसं. मध्ये आमची बागायत, वर काजू आणि खाली माड-पोफळी. बागायतीतून एक वाट जाते. शिगम्याला, म्हणजे होळीच्या सणाला, वरच्या देवळातून ढोल-ताशांचा मेळ निघतो तो त्या वाटेने खालच्या देवळाकडे उतरतो. वरच्या कुंपणाला आमचं बेडं आहे, म्हणजे दोन खांबांना भोकं पाडून आडवे सरकवलेले तीन बांबू. मेळ आला की ते बांबू काढायचा मान आमच्या घराचा. आज्याने काढले, बापाने काढले, मी काढतो. बाकी वर्षभर बेडं बंद. देवाची वाट म्हणजे येरझारीची जागा नव्हे.

त्या वाटेचं आणखी एक सांगतो. पूर्वी शिगम्याआधी कोयता घेऊन रान मारावं लागायचं. सत्तरी जवळ आली तसे माझे हात थकले, मी ते सोडलं. आणि बघतो तर वाटेवर गवत उगवायचंच थांबलं. लाल माती सारवल्यासारखी. मी सगळ्यांना सांगायचो, देव म्हाताऱ्याला सांभाळून घेतो.

अशात पणजीच्या सरकारी ऑफिसातली सिद्धी नावाची मुलगी आली. चालणाऱ्यांच्या आणि सायकलवाल्यांच्या वाटा कुठून काढायच्या त्याचा नकाशा करायचं काम तिच्याकडे. कारखान्यांपासून खोल्या, बाजार, बसथांबा अशी एक सलग वाट तिला हवी होती. सगळीकडे जमलं होतं, मध्ये आमची बागायत. डांबरी रस्त्याने जायचं तर टेकडीला वळसा आणि बाजूने सिमेंटचे ट्रक. मी म्हटलं, नाही. ती दुसऱ्यांदा आली. मी बागेत पाऊल टाकू दिलं नाही, अंगणातूनच परत पाठवली.

जाताना ती म्हणाली, "आबा, एकदा पणजीक येवन नकाशा बघा. मगे नाय म्हणा. सोमवारी तो मंजुरेक वर जातलो."

"नाही म्हणायला मी स्वतः येईन," मी म्हटलं. तोंडातून गेलं ते गेलं. जायचं ठरलं तर सायकलने जायचं हेही त्याच दमात बोलून बसलो. सायकलवाल्यांचा नकाशा बघायला बसमधून जाणं मला शोभलं नसतं.

सूनबाई सुनंदा एकट्याला सोडीना. आमच्या मागच्या खोलीत मारुती म्हणून भाडेकरू राहतो, चंदगडकडचा, वर कारखान्यात कामाला. त्याने रजा टाकली आणि सुनंदाने त्याला माझ्याबरोबर दिला. मला बरंच वाटलं. हा त्या कामगारांतलाच. वाटेत कुठेतरी हा आपल्याकडे वाट मागणार, आणि मी काय उत्तर द्यायचं ते मी निघण्याआधीच जुळवून ठेवलं होतं.

तुये ते डिचोली

निघालो तेव्हा धुकं होतं. नदी दिसत नव्हती, नदीवरचं बोलणं तेवढं ऐकू येत होतं, कोणीतरी होडीतून कोणाला तरी हाक मारत होता. काजूला मोहोर होता. त्या वासाने डोळे जड होतात, चालत्या सायकलवरसुद्धा. धारगळचा चढ आम्ही सायकलवरून उतरून चाललो, कोलवाळच्या पुलावर परत चढलो. पुलावर उभं राहिलं की खाली पाणी आहे असं वाटत नव्हतं, नुसता पांढरा कापूस. माझ्या तरुणपणी इथून माणसं होडीने जात. मला क्षणभर वाटलं की ती अजून खाली जातायत, धुक्यामुळे दिसत नाहीत इतकंच.

मारुती मागून म्हणाला, "तात्या, झोप लागली काय? हँडल सरळ धरा की."

"माझं हँडल सरळच आहे. रस्ता वाकडा आहे."

"व्हय व्हय, रस्ताच वाकडा."

अस्नोड्याला चहाच्या टपरीवर पाव आणि पातळ भाजी खाल्ली. मारुती पाव उलटासुलटा करून बघत होता. आमच्याकडचा पाव म्हणजे फुगवलेला वारा असं त्याचं मत, चार खाल्ले तरी पोटात काही नाही. तरी चार खाल्ले.

अस्नोड्याच्या पुढे स्वप्न संपलं. खनिजाचे टिपर ट्रक सुरू झाले. लाल धूळ झाडांवर, घरांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर. एक टिपर इतका अंगाला घासून गेला की मी सायकलसकट कडेच्या गटारात उतरलो. पडलो नाही. उतरलो. धोतर मात्र चेनीत गेलं आणि सायकल मला सोडीना. मारुती गुडघ्यावर बसून धोतर सोडवत होता, आणि बाजूच्या घरातून माझ्याच वयाचा एक गृहस्थ पाण्याची कळशी घेऊन आला. नाव पुंडलिक. त्याने आम्हाला ओट्यावर बसवलं, गुळाचा खडा दिला.

बसल्या बसल्या मला त्याच्या परसाच्या कुंपणात बेडं दिसलं. आमच्यासारखंच, तीन बांबूंचं. पण पलीकडे वाट नव्हती. पलीकडे घाणेरीचं रान, माणसाच्या वर गेलेलं.

"शिगम्याचो मेळ हयसून जाता?" मी विचारलं.

"जायचो. आता टेंपोत बसान रस्त्यावरना जाता. वाटेर कोण चलाकच नाय, रान वाढला."

"मग बेडं?"

"बेडां मी काढतंय. मान आमचो." त्याने पाण्याची कळशी सरळ केली. "काढतंय, उभो रवतंय. ढोल रस्त्यावरना फुडे गेलो की परत घालतंय."

हे त्याने असं सांगितलं, जसं कोणी सांगतं की सकाळी मी तुळशीला पाणी घालतो. मी आमचं सांगितलं. आमच्या देवाच्या वाटेवर गवत उगवत नाही, दोनेक वर्षं कोयता लावलेला नाही, तरी वाट आरशासारखी. पुंडलिक माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने मारुतीकडे बघितलं. मारुती टायर दाबून हवा बघत होता. दोन्ही टायरांत हवा होती.

डिचोली

डिचोलीला माझी धाकटी बहीण आनंदी दिलेली आहे. तिने दारातच सुरू केलं.

"ह्या वयात सायकलीर? तुझी सून काय बोलाक नाय?"

"बोलली. मी ऐकलं नाय."

"तां माका म्हायती आसा."

तिने सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, कढी केली होती, वर सोलकढी, आणि मारुतीसाठी मुद्दाम भाकरी. तो भाकरी बघून इतका खूश झाला की आनंदी त्याला मुलगा म्हणायला लागली.

तिच्या जनेलातून समोर देऊळ दिसतं. रस्त्याच्या पलीकडे, हाक मारली तर पुजाऱ्याला ऐकू जाईल इतकं जवळ. मी म्हटलं, संध्याकाळी आरतीला जाऊया.

"मी गणपतीपास्ना गेलंय नाय," ती म्हणाली.

"का? पाय दुखतत?"

"पाय बरे आसत. रस्तो ओलांडूक कोण व्हयो. हय गाडये थांबनत नाय. मी जनेलातना हात जोडतंय."

मी आणि मारुतीने तिला दोन बाजूंनी धरून नेलं. रस्त्याच्या मध्यावर टिपरवाल्याने भोंगा वाजवला तेव्हा तिने माझं मनगट असं पकडलं, जसं लहानपणी विहिरीत वाकून बघताना पकडायची. देवळात ती बराच वेळ बसली. परत यायचंच नव्हतं बहुतेक. मारुती बाहेर उभा राहून दोन्हीकडच्या गाड्या बघत होता. मी वाट बघत होतो की आता तरी हा म्हणेल, तात्या, आमचंही असंच आहे हो. तो म्हणाला, "आत्याबाई बसू देत अजून. आत्ता लई गर्दी हाय."

मये, चोडण, फेरी

दुसऱ्या दिवशीचा रस्ता मी अजून झोपेत चालतो. मयेच्या तळ्यावर ऊन नुकतं पडत होतं आणि पाण्यातली झाडं वरच्या झाडांपेक्षा जास्त खरी दिसत होती. पुढे चोडणपर्यंत सावली. गाडी क्वचित. दोन सायकली शेजारी शेजारी चालू शकत होत्या, आणि शेजारी चालता आल्या की माणसं बोलतात. मारुतीने मला त्याच्या गावचं सगळं सांगितलं. नाचण्याचं शेत, आईचा दमा, बायको इकडे यायला तयार नाही, इकडचा भात तिला जाडा लागतो. मी माझ्या बापाचं सांगितलं. हे मी घरात कोणाला सांगितलं नव्हतं, म्हणजे सांगायला कोणी बाजूने चाललं नव्हतं.

चोडणच्या धक्क्यावर फेरीबोट यायची होती. भरती होती, खारफुटीची झाडं पाण्यात कमरेपर्यंत उभी. एक पांढरा बगळा फांदीवर, दुसरा त्याच्या खाली उलटा. आम्ही सायकली घेऊन बोटीवर चढलो. बोट निघाली ते कळलंच नाही, आम्ही जागच्या जागी आणि रायबंदरचा किनारा आपण होऊन जवळ येतोय असं वाटत होतं. मला एकाहत्तरावं लागलंय हे त्या पाण्यावर मला आठवत नव्हतं. मी कोण आहे हेही नीट आठवत नव्हतं, आणि ते वाईट नव्हतं.

रायबंदरहून पणजीला जाणारा जुना बांध पाण्याच्या कडेने सरळ जातो. मिठागरं एका बाजूला, मांडवी दुसऱ्या बाजूला, वारा पाठीत. मी पायडल मारणं सोडून दिलं होतं.

पणजी

सिद्धीच्या ऑफिसात सगळी कदेलं, म्हणजे खुर्च्या, चाकांची. मी बसलो तर मागे सरकलो. ती हसली नाही, तिने पायाने कदेल धरलं.

"सायकलीन इलात?" तिने विचारलं. "खरंच?"

"मी बोललो होतो."

"तुम्ही बोलला म्हणून मीच भियेल्लें. सुनंदावहिनींक मी फोन करून विचारलां."

नकाशा तिने मेजावर पसरला. मला नकाशा वाचता येत नाही, पण तिने नदी दाखवली तसा मी घरापर्यंत आलो. वाटा हिरव्या शाईच्या. कारखान्यांकडून एक हिरवी रेघ उतरत येत होती आणि आमच्या कुंपणाशी थांबली होती. खालून दुसरी येत होती, तीही थांबली होती. मध्ये शाई नव्हती. बारीक पेन्सिल होती.

मी चष्मा लावून पेन्सिलीची रेघ बघितली. ती वरून सरळ येत होती, मोठ्या फणसाशी डावीकडे वळत होती, विहिरीला बगल देऊन उतरत होती. बरोबर आमच्या वाटेसारखी. ह्या मुलीला मी बागेत पाऊल टाकू दिलेलं नव्हतं. फणसाचं वळण हिला कसं कळलं? सरकारकडे जुने नकाशे असतात असं म्हणतात. मी तेच समजलो आणि विचारलं नाही. विचारणं माझ्या स्वभावात नाही.

"तुम्ही हो म्हटल्याशिवाय शाई मारचंय नाय," ती म्हणाली. "पण मधे तुटली तर वाट म्हणून ती गेलीच. लोक रस्त्यान फिरान जातले, नाय तर मोटरसायकल घेतले."

मग ती आम्हाला बाहेर घेऊन गेली, बाजारापर्यंत चालत. पणजीतले फूटपाथ मी ह्याआधी कधी बघितलेच नव्हते, म्हणजे त्यांवरून चाललो होतो पण बघितले नव्हते. एके ठिकाणी फूटपाथ माझ्या गुडघ्याला लागेल इतका उंच. मी हात न धरता चढलो. ती म्हणाली, उंच केला की त्याच्यावर मोटरसायकल चढत नाही, पण मग म्हातारं माणूसही चढत नाही.

"मी चढलो," मी म्हटलं.

"तुम्ही चढलात. बाजारवाली डोक्यार पाटी घेऊन चढतली?"

खरंच एक बाई पाटी घेऊन आली आणि फूटपाथ सोडून गाड्यांमधून गेली. पुढे फूटपाथवर मोटरसायकलीच उभ्या, त्याच्यापुढे झाड, झाडाच्या मुळांनी लाद्या उचललेल्या. सिद्धी सांगत होती की सावली हवी, दोन माणसं बोलत जातील आणि तिसरा सायकलवाला घंटी वाजवून निघेल इतकी रुंदी हवी, आणि सगळ्यात आधी वाट सलग हवी. मी ऐकत होतो. मला डोळ्यांसमोर आनंदीचं मनगट दिसत होतं, आणि पुंडलिकाचं रान.

ऑफिसच्या पायरीशी परत आलो तेव्हा ती म्हणाली, "मगे, आबा? नाय म्हणपाक इल्लात मा?"

इतक्या लांबून आणलेलं ते 'नाही' माझ्या तोंडात होतं. ते बाहेर येईना. "घरी जाऊन सांगतो," मी म्हटलं.

मारुती सायकलीची कुलपं काढत होता. त्याने वर बघितलं नाही.

ती रात्र आम्ही देवळाच्या अग्रशाळेत, यात्रेकरूंच्या खोलीत, चटईवर काढली.

परत

सकाळी बेतीची फेरी, मग पर्वरीचा चढ सायकल ढकलत, म्हापशाला मिरची भजी. मारुती नेहमीसारखा. ऊस, पाऊस, कारखान्यातला सुपरवायझर. वाटेचं अवाक्षर नाही. शिवोलीच्या पुलावर मी सायकल थांबवली. खाली शापोरा नदी, उतरतीचं ऊन, होड्या जाळी टाकून गप्प पडलेल्या. इथेही मी होडीच्या काळातला माणूस आहे.

"मारुती, तू मागत का नाहीस?"

"काय?"

"वाट. आमच्या बागेतली. तीन दिवस बघतोय, एकदा तरी मागशील. का मागत नाहीस?"

तो कठड्याला टेकला. 

"रागावणार न्हाई म्हणा आधी."

"ते मी ऐकल्यावर ठरवीन."

"मग मागायचं काय, तात्या? आम्ही त्या वाटेनंच जातो की. सकाळी तुम्ही देवळात जाता, मग हाटेलात चहाला बसता, तेवढ्यात. सूनबाई बांबू काढून ठेवत्यात. सांजच्याला तुम्ही तिठ्यावर बसता, तवा परत. दोन वर्सं झाली. ते एक पोरगं रस्त्यावर ट्रकाखाली जाता जाता वाचलं, तवापासनं." त्याने बाहीने सायकलीची घंटी पुसली. "सिद्धीताई पण एकदा आमच्यासंगं चालून गेल्या."

माझ्या जाण्यायेण्यावर वाड्यातले लोक घड्याळ लावतात, असं मी स्वतःच सगळ्यांना सांगतो.

"किती जण?"

"सगळी पाळी."

 मग जे विचारू नये ते विचारलं. "आणि गवत?"

मारुतीने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. हसत होता की काय ते मी बघितलं नाही.

"इतक्या पायांखाली कुठलं उगवतंय, तात्या."

शिवोलीपासून तुयेपर्यंत मी पुढे, तो मागे. चोपडे, पार्से, काजूचा वास, सगळं होतं, मी काही बघितलं नाही. रागाने सायकल फार चांगली चालते. पण राग पार्शाच्या उतारावर कुठेतरी सुटला, कारण मला सारखी पुंडलिकाची वाट दिसत होती. त्याच्याकडे देव नाही असं थोडंच होतं. वाटेवर पाय नव्हते.

घरी सुनंदाने पायांना गरम पाणी दिलं. तिला मारुतीचं तोंड बघून कळलं असणार. ती पाण्यात मीठ टाकत होती, गरजेपेक्षा जास्त टाकत होती.

"पणजीत काय सांगितलात?" तिने विचारलं.

"काय सांगणार. तुमचं सगळं आधीच ठरलेलं." मी पाय पाण्यात सोडले. "बेडं कोणी काढायचं हा मान घराचा आहे. कोणी केव्हाही काढायचं नाही."

तिने मिठाचं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "मी पण ह्याच घराची आसंय, आबा."

मी पाय पाण्यातून बाहेर काढले.  म्हटलं, "त्या सिद्धीला फोन लाव. सांग, शाई मार. पण फणसाकडचं वळण सरळ करायचं नाही. फणस तोडला तर मी परत पणजीला येईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवळात गेलो नाही. धुकं होतं. अंघोळ केली, नवं धोतर नेसलो, जे शिगम्याला नेसतो ते, आणि वाटेने वर गेलो. माती पायांना गार आणि गुळगुळीत लागत होती. सुनंदा माझ्याआधी बेड्यापाशी उभी होती. मला बघून ती बाजूला झाली. खालून माणसांचं बोलणं, डब्यांचा आवाज, सायकलीची घंटी वर येत होती, आणि फणसाच्या वळणावरून त्यांना बेड्यापाशी मी दिसलो तसं सगळं एकदम थांबलं. पुढे मारुतीच होता. मी वरचा बांबू काढला. तो हाताला तेल लावल्यासारखा सरकला. मग मधला काढला. खालचा मी सुनंदाला काढायला सांगितला. मग जसा मेळ आला की उभा राहतो तसा खांबाला लागून, हात जोडून उभा राहिलो, आणि ते एकेक करून माझ्या समोरून वर गेले.